लोकवस्तीतील प्रयोगशाळा आणि सार्वजनिक आरोग्य



सामान्य माणसाच्या मनातील दवाखान्याचे चित्र बहुधा दोन व्यक्तींनी पूर्ण होते. एक, रोग्याला तपासणारा डॉक्टर. आणि दुसरा, औषधाच्या पुड्या बांधून देणारा कंपाउंडर. या दोघांखेरीज तिसरी एक व्यक्ती आतल्या खोलीत काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शक यंत्रात डोळा लावून बसलेली असते. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु ताप हिवतापाचा आहे की विषमज्वराचा, खोकला साधा आहे की क्षयाचा, गरोदर स्त्रीच्या अंगावरील सूज निरुपद्रवी आहे की धोक्याची, या प्रश्नांची खात्रीलायक उत्तरे त्या आतल्या खोलीतूनच बाहेर येतात. ती खोली नसली तर डॉक्टरला अनुमानावर विसंबावे लागते, आणि अनुमान चुकल्यास त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते.

प्रयोगशाळेची कामगिरी दोन प्रकारची असते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पहिली कामगिरी एका रोग्यापुरती असते. त्याचा रोग ओळखणे, उपचार योग्य दिशेने चालले आहेत किंवा नाहीत हे सांगणे आणि तो बरा झाल्याची खात्री करून देणे, हे तिचे स्वरूप होय. दुसरी कामगिरी समाजाच्या संदर्भातील आहे. एकाच मोहल्ल्यातून आठवड्याभरात काविळीचे वीस नमुने आले, तर त्याचा अर्थ केवळ वीस माणसे आजारी आहेत एवढाच होत नाही. त्या मोहल्ल्याच्या नळात कोठेतरी सांडपाणी शिरले असावे, असाही होतो. मोठ्या रुग्णालयाची प्रयोगशाळा पहिल्या कामात कितीही प्रवीण असली, तरी तिच्याकडे येणारे रोगी दूरदूरच्या ठिकाणांहून आलेले असल्यामुळे दुसरे काम तिला नीट साधत नाही. त्यासाठी ठराविक वस्तीशी, ठराविक गावांशी बांधलेली प्रयोगशाळा लागते. लोकवस्तीतील प्रयोगशाळा असे आपण जिला म्हणतो, ती हीच.

या विषयाचा विचार करताना दिल्लीचे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. सार्वजनिक आरोग्याच्या प्रयोगशाळांची एक मोठी परंपरा या शहराशी निगडित आहे. १९०९ साली कसौली येथे हिवतापासाठी एक मध्यवर्ती कार्यालय स्थापन झाले. १९२७ साली त्याचा विस्तार झाला आणि १९३८ साली त्याचे भारतीय हिवताप संस्थेत रूपांतर होऊन ती दिल्लीत आली. १९६३ साली तिला राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेचे स्वरूप मिळाले आणि २००९ पासून ती राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली. एवढी जुनी संस्था ज्या शहरात उभी आहे, त्याच शहराला प्रयोगशाळेच्या अपुरेपणाचे चटकेही बसले आहेत.

यांतील सर्वांत मोठा धडा १९५५ सालचा आहे. त्या वर्षीच्या पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले. वजीराबाद येथे शहरासाठी नदीचे पाणी घेतले जाते आणि त्याच भागात नजफगढचा नाला नदीला मिळतो. नोव्हेंबर महिन्यात त्या नाल्याचे घाण पाणी काही दिवस उलटे वाहत जाऊन पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. जलशुद्धीकरण केंद्रातील तंत्रज्ञांच्या ही गोष्ट ध्यानात आली आणि त्यांनी तुरटी व क्लोरीन यांचे प्रमाण वाढविले. विषमज्वर, हगवण यांसारख्या जंतुजन्य रोगांत त्यानंतर वाढ झाली नाही. पाण्याची तपासणी व शुद्धीकरण या दोन्ही गोष्टी यशस्वी झाल्या, असेच कोणालाही वाटले असते. परंतु काही आठवडे लोटले आणि डिसेंबर व जानेवारीत शहरभर काविळीची साथ पसरली. डॉ. विश्वनाथन यांनी या साथीचा जो अभ्यास केला, त्यानुसार उघड कावीळ झालेल्यांची संख्या सुमारे २९,३०० होती. गरोदर स्त्रियांना हा रोग विशेष घातक ठरत असल्याचेही त्या वेळी दिसून आले.

येथे प्रयोगशाळेच्या ज्ञानाची मर्यादा स्पष्ट झाली. ज्या क्लोरीनने जंतू मेले, त्या क्लोरीनला विषाणू पुरून उरला. हा विषाणू कोणता, हे मात्र त्या काळी कळण्यासारखे नव्हते. पुढे कितीतरी वर्षे दिल्लीची ही साथ म्हणजे काविळीच्या ‘अ’ विषाणूचे उदाहरण, असेच समजले जात होते. सुदैवाने त्या साथीतील रोग्यांचा रक्तरस जपून ठेवलेला होता. १९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञ आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधक यांनी मिळून त्या नमुन्यांची पुन्हा तपासणी केली. या संस्थेच्या तत्कालीन संचालिका डॉ. खोर्शेद पावरी यांचा त्या कामात सहभाग होता. हा ‘अ’ विषाणू नव्हे आणि ‘ब’ विषाणूही नव्हे, असे या तपासणीत आढळले. ज्याला आज हिपॅटायटिस ‘ई’ म्हणतात, त्या रोगाचा परिचय शास्त्राला अशा रीतीने झाला. दिल्लीत पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी काळजीपूर्वक नावनिशी लिहून ठेवलेल्या कुप्यांतून हे ज्ञान हाती आले. नमुना घेणे, त्यावर खूण करणे, तो थंड जागी सांभाळणे ही कामे दिसायला क्षुल्लक असली, तरी त्यांवर केवढी इमारत उभी राहते हे यावरून समजून येईल.

आता क्षयरोगाकडे वळू. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. बेडक्याचा पातळ थर काचपट्टीवर देऊन त्याला विशिष्ट रंग चढविला असता हे जंतू लाल काड्यांसारखे दिसतात. ही पद्धत स्वस्त आहे आणि तिला सूक्ष्मदर्शक यंत्र, थोडी रसायने आणि शिकविलेला माणूस एवढीच सामग्री पुरते. दिल्लीत १९४० साली आदर्श क्षयरोग चिकित्सालय सुरू झाले आणि पुढे तेच नवी दिल्ली क्षयरोग केंद्र म्हणून नावारूपास आले. परंतु राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात पुष्कळ वर्षे क्ष-किरणांच्या चित्रावर अधिक भर राहिला. छातीच्या चित्रात दिसणारी प्रत्येक सावली क्षयाची नसते. त्यामुळे काहींना विनाकारण औषधे मिळाली आणि ज्यांच्या खोकल्यातून रोग पसरत होता, असे काही तसेच राहून गेले.

१९९३ साली ज्या थोड्या ठिकाणी सुधारित कार्यक्रमाचा प्रयोग झाला, त्यांत दिल्लीतील गुलाबी बाग हा भाग होता. या कार्यक्रमाचा कणा प्रयोगशाळा हाच होता. सुमारे एक लाख लोकसंख्येमागे एक आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात पन्नास हजारांमागे एक सूक्ष्मदर्शक केंद्र असावे, असे प्रमाण ठरविण्यात आले. दर पाच लाख लोकसंख्येमागे एक पर्यवेक्षक नेमून त्याने या केंद्रांतील काचपट्ट्या पुन्हा तपासाव्यात, असा नियम झाला. ही व्यवस्था फार विचारपूर्वक योजलेली होती. दोन-तीन आठवडे खोकणाऱ्या मजुराला बेडका देण्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले तर तो जात नाही. आणि एकदा गेला तरी दुसरा नमुना देण्यासाठी परत येत नाही. केंद्र पायी चालण्याच्या अंतरावर असेल तरच तो येतो.

साध्या सूक्ष्मदर्शकाचीही मर्यादा आहे. बेडक्याच्या एका मिलीलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असतील तरच ते सहसा दृष्टीस पडतात. मुलांच्या किंवा एड्सग्रस्तांच्या बाबतीत ही संख्या पुष्कळदा कमी असते. म्हणून जंतूच्या जनुकद्रव्यावरून रोग ओळखणारी यंत्रे पुढे आली. सुमारे दोन तासांत ती निदान करतात आणि रिफॅम्पिसिन हे महत्त्वाचे औषध लागू पडेल किंवा नाही हेही सांगतात. याच कुळातील ‘ट्रूनॅट’ हे यंत्र गोव्यात तयार झाले. ते विजेरीवर चालू शकते, म्हणून लहान आरोग्यकेंद्रातही ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. यंत्र जितके लहान आणि सोपे होईल, तितकी प्रयोगशाळा माणसाच्या दाराशी येईल, हे या उदाहरणावरून दिसते.

परंतु केवळ यंत्र व तपासनीस असून भागत नाही. तपासणीला वेळेचे बंधन असते, आणि ते न पाळल्यास काय होते हे हिवतापाच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. १९५३ साली देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे, असा अंदाज होता. त्याच वर्षी नियंत्रणाचा आणि १९५८ साली निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला गेला, आणि १९६५ साली रोग्यांची संख्या सुमारे एक लाखापर्यंत खाली आली. त्यानंतर मात्र रोगाने उलट खाल्ली व १९७६ साली ही संख्या ६४ लाखांच्या वर गेली. याची कारणे अनेक होती. डासांना डीडीटीची सवय झाली, पैसा व साहित्य कमी पडले. पण घरोघर फिरून गोळा केलेल्या काचपट्ट्या तपासणीवाचून साचून राहू लागल्या, हेही एक कारण होते. ज्याच्या रक्तात जंतू आहेत त्याला ही गोष्ट महिन्याने कळली, तर त्या महिन्यात डास त्याच्याकडून आणखी कितीजणांकडे रोग नेतात याचा हिशेब करावा. उशिरा आलेला अहवाल रोग्याच्या उपयोगी पडत नाही आणि गावाच्याही नाही.

वेळेवर आणि जवळ, या दोन्ही अटी पाळण्याचा एक दीर्घकालीन प्रयत्न दिल्लीच्या शेजारी, हरियाणातील बल्लभगढ येथे झाला आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने १९६५ साली तेथे ग्रामीण आरोग्यसेवेचा प्रकल्प सुरू केला. दयालपूर आणि छांयसा ही दोन प्राथमिक आरोग्यकेंद्रे आणि त्यांच्या कक्षेतील २८ गावे, हे त्याचे क्षेत्र. तेथील कुटुंबांच्या नोंदी नियमाने ठेवल्या जात असल्यामुळे एखाद्या तपासणीचा आकडा हवेत लटकत राहत नाही. तो कोणत्या गावातील, किती माणसांपैकी आहे हे सांगता येते. रोगाचे प्रमाण काढावयाचे तर अंशाइतकाच छेदही ठाऊक असावा लागतो, आणि तो छेद फक्त अशा बांधलेल्या वस्तीतच मिळतो.

प्राथमिक आरोग्यकेंद्राच्या प्रयोगशाळेत होणाऱ्या तपासण्या साध्याच असतात. रक्तातील हिमोग्लोबिन, लघवीतील साखर व प्रथिने, हिवतापासाठी रक्ताचा थर, क्षयासाठी बेडका, ही त्यांतील प्रमुख होत. परंतु त्यांचे मोल मोठे आहे. गरोदर स्त्रीच्या शंभर मिलीलिटर रक्तात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असले तर रक्तक्षय समजावा आणि ७ ग्रॅमच्या खाली गेले तर तो गंभीर समजावा, असा दंडक आहे. ही गोष्ट पाचव्या महिन्यात कळली तर लोहाच्या औषधाने पुष्कळ सुधारणा होऊ शकते. प्रसूतीच्या वेळी कळली तर हाती वेळच उरलेला नसतो, आणि थोड्याशा रक्तस्रावानेही त्या स्त्रीचा जीव जाऊ शकतो. ही तपासणी काही मिनिटांत आटोपते. पण ती न झाल्यास एक घर उघडे पडते.

शहरातील साथीच्या वेळी निराळीच अडचण उभी राहते. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. त्या वर्षी १०,२५२ रोग्यांची व ४२३ मृत्यूंची नोंद झाली. डेंग्यूच्या बाबतीत कोणती तपासणी केव्हा करावी याला फार महत्त्व आहे. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे स्वतःचे प्रथिन रक्तात सापडते. त्यानंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधावी लागतात. चुकीच्या दिवशी चुकीची तपासणी केली तर रोग असूनही अहवाल ‘नाही’ म्हणून येतो आणि माणूस निर्धास्त राहतो. पुढे या रोगासाठी काही रुग्णालये पहारेकरी म्हणून नेमण्यात आली आणि प्रतिपिंडांच्या तपासणीची सामग्री पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेकडून त्यांना पुरविली जाऊ लागली. २०१५ साली रोग पुन्हा बळावला, तेव्हा घाबरलेल्या लोकांकडून वाटेल तसे पैसे घेतले जाऊ नयेत यासाठी दिल्ली सरकारने खाजगी प्रयोगशाळांतील डेंग्यूच्या तपासणीला ६०० रुपयांची मर्यादा घातली.

यातून खर्चाचा प्रश्न पुढे येतो. तपासणीचे मूल्य केवळ पावतीवर लिहिलेल्या आकड्यात मोजून चालत नाही. रोजंदारीवरील मजूर पहिल्या दिवशी डॉक्टरकडे जातो, दुसऱ्या दिवशी रक्त देतो, तिसऱ्या दिवशी अहवाल घेऊन पुन्हा डॉक्टरकडे येतो. तपासणी पूर्णपणे मोफत असली तरी त्याचे तीन दिवसांचे वेतन बुडालेले असते. म्हणून मोफत तपासणी आणि जवळची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गरिबाला दोन्ही हव्या असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ साली मोफत निदानसेवेची योजना आखली. त्याच वर्षी दिल्लीत पीरागढी येथे पहिले मोहल्ला क्लिनिक सुरू झाले. तेथे औषधांबरोबर २१२ तपासण्या मोफत देण्याचे ठरले होते. रक्ताचा नमुना वस्तीतच घेऊन तो मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा, अशी ती योजना होती. सरकारे बदलतात, दवाखान्यांवरील पाट्याही बदलतात. परंतु नमुना लोकांकडून उचलावा आणि अहवाल लोकांपर्यंत पोहोचवावा हे तत्त्व कोणत्याही पाटीखाली टिकून राहिले पाहिजे.

कोणत्या पातळीवर कोणत्या तपासण्या व्हाव्यात, हाही महत्त्वाचा विचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची यादी १९७७ साली केली. अत्यावश्यक तपासण्यांची यादी मात्र २०१८ साली झाली. औषध आवश्यक आहे हे जगाला पटले, पण ते कोणाला द्यावयाचे हे सांगणारी तपासणीही तितकीच आवश्यक आहे, हे पटावयास चार दशके लागली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ साली आपल्या देशासाठी अशी यादी केली व गावापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत प्रत्येक पायरीवर कोणत्या तपासण्या उपलब्ध असाव्यात ते सांगितले. २०२१ साली प्रत्येक जिल्ह्यात एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा उभारण्याची योजनाही जाहीर झाली.

प्रयोगशाळा समाजाचे आरोग्य कसे मोजू शकते, याचे एक ठळक उदाहरण २०२० साली दिल्लीतच पाहावयास मिळाले. २७ जून ते १० जुलै या काळात राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राने दिल्ली सरकारच्या साहाय्याने सर्व जिल्ह्यांतून २१,३८७ लोकांचे रक्तनमुने घेतले. त्यांपैकी २३.४८ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाच्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. म्हणजे नोंदलेल्या रोग्यांपेक्षा कितीतरी अधिक लोकांना संसर्ग होऊन गेला होता आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. त्याचबरोबर तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांना तो अद्याप व्हावयाचा होता. रुग्णालयाच्या दारात उभे राहून ही गोष्ट कधीच कळली नसती. त्यासाठी निरोगी माणसाच्या घरी जाऊन रक्त मागावे लागले, आणि लोकांनी ते दिले.

लोक रक्त देतात ते विश्वासावर. हा विश्वास राखण्यासाठी अहवाल बरोबर असावा लागतो. चुकीचा अहवाल हा अहवाल नसण्यापेक्षा वाईट, कारण अहवाल नसताना डॉक्टर सावध तरी असतो. यासाठी प्रत्येक प्रयोगशाळेने ज्ञात मूल्याचा नमुना रोज स्वतः तपासून आपले यंत्र पारखावे आणि बाहेरून आलेल्या गुप्त नमुन्यांची परीक्षाही द्यावी, अशी पद्धत आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय आणि दिल्लीची आयुर्विज्ञान संस्था यांनी अशा परीक्षांची व्यवस्था केलेली आहे. लहान प्रयोगशाळा म्हणजे हलक्या दर्जाची प्रयोगशाळा, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. तपासण्या थोड्या असाव्यात, पण ज्या आहेत त्या निर्दोष असाव्यात.

शेवटी ज्या तिसऱ्या व्यक्तीचा आरंभी उल्लेख केला, तिच्याविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. क्षयाची एक काचपट्टी जंतुरहित आहे असे म्हणण्यापूर्वी तपासनीसाने तिची शंभर दृष्टिक्षेत्रे पाहावीत, असा नियम आहे. या कामाला चांगली पाच मिनिटे लागतात. दिवसाला पंचवीस काचपट्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या तर तो त्या नीट पाहील. साठ ठेवल्या तर त्याचे डोळे थकतील आणि काही रोगी ‘निरोगी’ म्हणून घरी परत जातील. तपासनीसाची जागा रिकामी ठेवून इमारत रंगविणे, किंवा यंत्र देऊन त्याची रसायने न पुरविणे, यात पैसा वाचत नाही. त्या चुकलेल्या रोग्याच्या खोकल्यातून तो खर्च वस्तीला नंतर अनेक पटींनी सोसावा लागतो.

तेव्हा आपल्या वस्तीतील आरोग्यकेंद्राची पाहणी करताना नागरिकांनी, पंचायतींनी आणि नगरसेवकांनी केवळ डॉक्टर हजर आहे काय एवढेच विचारून थांबू नये. प्रयोगशाळा उघडी आहे काय, तपासनीस नेमलेला आहे काय, रसायने शिल्लक आहेत काय, काल दिलेल्या नमुन्याचा अहवाल आज मिळाला काय, आणि नळाच्या शेवटच्या टोकाशी पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन उरलेला आढळतो काय, हेही त्यांनी विचारावे. हे प्रश्न विचारण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. ज्या वस्तीत ते नियमाने विचारले जातील, त्या वस्तीतील आतली खोली कुलूपबंद राहणार नाही.